बद्द की खणखणीत

माझ्या काकांना सगळं यार्ड कानसेन म्हणायचं. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, हे नाव कानशीवरून पडलं असणार, कारण काकांच्या मागच्या खिशात एक मोडकी कानस कायम खुपसलेली असायची आणि त्यांच्या प्रत्येक पँटला बरोबर त्याच जागी भोक असायचं. पण नाव पडलं होतं ते कानावरून. होडी वाहून नेणाऱ्या गंजलेल्या ट्रेलरला रंग द्यायच्या आधी त्याची तयारी करायची, हे काकांचं आयुष्यभराचं काम. त्या कामात हाताचं काय, हात कोणाचेही चालतात, कान हवा, असं ते म्हणायचे.

होड्या दुरुस्त करायचं त्यांचं यार्ड खाडीच्या काठाला. होडी पाण्यात सोडायची म्हणजे ट्रेलर उतारावरून मागे मागे नेत अर्धा खाऱ्या पाण्यात बुडवायचा, आणि होडी बाहेर काढताना पुन्हा तेच. वरचा गंज कोणालाही दिसतो. खरवडला, तारेचा ब्रश मारला, गेला. पण ट्रेलरचे पाइप असतात चौकोनी आणि पोकळ. पाणी त्यांच्या आत शिरतं आणि आतच मुक्काम ठोकतं. वरून रंग तुकतुकीत, आणि आत पत्रा कागदाएवढा उरलेला. म्हणून काका छोट्या हातोडीने वीत वीत अंतरावर टोले मारत जायचे. धड पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. बद्द आलं की काका खडूने गोल काढायचे. मग वेल्डर येऊन तेवढा भाग कापायचा आणि नवी पट्टी बसवायचा. जिथे गोल नाही तिथे पत्रा चांगला. काकांनी एकदा असं ठरवलं की मालकसुद्धा पुन्हा विचारायचा नाही.

ही टोले मारायची खोड त्यांनी घरीही आणली होती. दार, माठ, कलिंगड, नव्या घराची भिंत, काही सोडायचे नाहीत. मला बघायला मुलगा आला होता तेव्हा काकांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या हातातला चहा बशीत आला. "खणखणीत आहे, करून टाका," असं त्यांनी जाहीर केलं. पुढे तो कसा वाजला, हा विषय वेगळा.

काकू रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन यार्डात जायची आणि काम संपेपर्यंत तिथेच, रंगाच्या पालथ्या डब्यावर विणकाम घेऊन बसायची. काकू डोळ्यांत तेल घालून नवऱ्यावर पहारा देते, अशी लोक थट्टा करायचे. खरं सांगायचं तर मला ती फारशी आवडायची नाही. तिला नाक मुरडायची सवय होती. बिचारे काका गुडघ्यांवर बसून काम करताहेत आणि ही समोर बसून नाक मुरडतेय. मी तोंडाची फटकळ. एकदा तिला विचारलंच, "काकू, काकांच्या कामात तुला एवढं काय खुपतं गं?" ती नुसती हसली आणि सुया चालवत राहिली. मी मनात म्हटलं, काय ही बाई!

गेल्या हिवाळ्यात काकू गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेली. काका रडले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना ते खुर्ची देत होते, पाणी विचारत होते, पण त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माणूस आहे की दगड, असं मला तेव्हा वाटलं, आणि मी ते आईजवळ बोलूनही दाखवलं. त्यानंतर त्यांनी यार्डात जाणं सोडलं. मालकाने निरोप पाठवले, स्वतः येऊन गेला. काका म्हणायचे, "बघू." खिडकीजवळ बसून राहायचे. हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत, समोर जाऊन उभं राहिलं की मग बघायचे. त्यांना ऐकायला थोडं कमी येतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण हे सगळं आम्ही दुःखाच्या खात्यावर टाकलं. माणूस दुःखात असा होतो, आपण समजून घ्यायचं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

अशात ताईचं जायचं ठरलं. ताई म्हणजे काकांची मुलगी, माझी चुलत बहीण. तिचा नवरा होडी घेऊन मासे पकडतो. खाडी गाळाने भरत चालली, मासा मिळेना, तेव्हा भाऊजींनी घाटावरच्या एका धरणाच्या पाण्यावर जायचं पक्कं केलं. घर उचलून सगळेच निघणार होते. होडी जाणार ट्रेलरवर. तो ट्रेलर काकांनीच ताईच्या लग्नानंतर स्वतः उभं राहून बनवून घेतला होता, पण भाऊजींचं काम असं की वापरायचं आणि टाकायचं. खाऱ्या पाण्यातून वर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा असतो, एवढंही त्यांनी कधी केलं नाही. ट्रेलर गंजून लालबुंद झाला होता. आता तो घाटाच्या वळणांवरून जाणार, त्यावर होडी, आणि पुढे ओढणाऱ्या गाडीत भाऊजी, ताई आणि तिच्या दोन्ही मुली. मधेच एखादा पाइप दगा देऊन मोडला तर ते सगळं वजन गाडीला घेऊन दरीकडे जाणार. हे सांगायला कोणी कानसेन लागत नाही.

भाऊजी दुसऱ्या एका माणसाला काम देणार होते. ते कळल्यावर काका खिडकीजवळून उठले. "माझ्या लेकीच्या ट्रेलरला परका माणूस हात लावणार नाही," म्हणाले आणि तडक माझ्या इस्त्रीच्या दुकानात आले.

"सुट्टीच्या दिवशी येतेस का यार्डात? खरवडायला कोणीतरी हवंय."

"मी? अहो काका, भाऊजींना घ्या की. त्यांचाच ट्रेलर आहे."

"त्याच्या तोंडाचा मला काही उपयोग नाही. तू ये."

भाऊजी जरा जास्त बोलतात, त्यामुळे मी मान हलवली आणि तोंड दाबून हसले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. होडी आधीच लाकडी ठोकळ्यांवर उतरवून ठेवली होती. काकांनी जॅक लावून ट्रेलर उचलला, चाकं काढली, रबरी रोलर काढले, मागच्या दिव्यांच्या वायरी सोडवून पिशवीत गुंडाळल्या. मग साबणाच्या पाण्याने सगळा ट्रेलर धुवायचा. खरवडायच्या आधी धुवायचा, कारण तसाच ब्रश मारला तर वरचं ग्रीस आणि मीठ पत्र्यात आणखी घासलं जातं. हे ते मला समजावून सांगत होते आणि मी हो हो करत होते. कित्येक महिन्यांनी ते इतकं बोलत होते. त्यांना पुन्हा त्या जुन्या, भोक पडलेल्या पँटमध्ये बघून मला बरं वाटलं.

पाणी निथळल्यावर त्यांनी हातोडी घेतली. मला समोर उभं केलं. "तिथे नको, इकडे उजेडात उभी राहा," म्हणाले. टोला मारला आणि माझ्याकडे पाहिलं. पुढे सरकले, टोला मारला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? पाइपकडे बघा ना!"

"पाइपात काय बघायचंय?" ते हसून म्हणाले.

खणखणीत आणि बद्द यातला फरक ओळखायला मला वेळ लागला नाही. बद्द म्हणजे तडा गेलेलं मडकं वाजतं तसंच. पहिलं बद्द आलं तेव्हा मी "अगं आई गं!" म्हणून चेहरा वाकडा केला. काकांनी गोल काढला. आणखी पुढे एक आलं, तिथेही गोल. भले शाबास, मी मनात म्हटलं, कान अजून शाबूत आहे.

मग तो ट्रक आला. यार्डात एक ट्रक उलटा येत होता आणि काका त्याच्या वाटेत पाठमोरे बसले होते. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता, बडवतच होता. माझ्या कानठळ्या बसल्या. काका ढिम्म हलले नाहीत. मी धावत जाऊन त्यांची बाही धरून त्यांना ओढलं, तेव्हा त्यांनी दचकून ट्रककडे पाहिलं.

"मला दिसला होता," ते म्हणाले. पण ट्रक त्यांच्या पाठीमागे होता.

थोडं कमी येतं वगैरे काही नाही, माझे काका ठार बहिरे होते. मग ते गोल? मी स्वतःला समजावलं, हाताला कळत असेल. इतक्या वर्षांचा सराव आहे, हातोडीच्या दांड्यातून कळत असेल. त्यांना बोलून दाखवायचं माझ्या जिवावर आलं. ज्या माणसाचं नावच कानसेन, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुमचा कान गेला? मी ठरवलं, आपल्याला काही कळलं नाही असं वागायचं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. माझ्यासारखीला हे फार जड, पण त्या दिवशी मी ते केलं. ते टोला मारायचे आणि बघायचे, मी हसून मान हलवायची.

मागच्या बाजूला, जिथे पाइपवर स्प्रिंग बसते, तिथे त्यांनी टोला मारला. आवाज बद्द आला. साधासुधा बद्द नाही, पार बसलेला. काकांनी वर पाहिलं. मी हसले.

"खणखणीत," काका म्हणाले आणि पुढे सरकले.

मी तोंड उघडणार एवढ्यात ताई चहाचा थर्मास घेऊन आली. ती बापाकडे बघत उभी राहिली. "बघ ना, आई गेल्यापासून पहिल्यांदा असे दिसले," ती मला हळूच म्हणाली. "बाबांनी बघितलाय म्हटल्यावर मी डोळे मिटून गाडीत बसेन." तिच्यासमोर काय बोलणार? मी जागा मनात पक्की धरून ठेवली. वेल्डरला गुपचूप सांगू, तिथेही एक पट्टी मार म्हणून. काकांना कळायचंही नाही.

पण दुपारी माझ्या दुकानाचा मुख्य ग्राहक, लॉजचा मालक, चादरींसाठी दारात येऊन बसला आणि मला जावं लागलं. परत येईपर्यंत वेल्डर गोल केलेल्या जागी पट्ट्या मारून दुसरीकडे कामाला निघून गेला होता. काकांनी एकट्याने सगळा ट्रेलर खरवडून, पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून वर लाल प्रायमर मारला होता. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नसतो, दव पडलं की सकाळी पुन्हा गंज धरतो. त्या लाल रंगात आता सगळ्या जागा सारख्या दिसत होत्या. काका दमून, पण छाती काढून उभे होते.

"झाला की नाही देखणा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झाला." आणि घरी गेले.

सकाळी दुकान न उघडता मी यार्डात गेले. काका रंगाचा डबा ढवळत होते. दुसऱ्या दिवशी होडी चढवायची होती. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले.

"काका, मागे स्प्रिंगपाशी काल बद्द वाजलं."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "कुठे?"

मी बोट ठेवलं. काकांनी वेल्डरची टोकदार हातोडी घेतली आणि त्या जागी एक घाव घातला. हातोडी आरपार आत गेली. बाहेर काढली तर भोकातून गंजाचे पापुद्रे भुरभुर खाली पडायला लागले. काकांनी त्या भोकात बोट घातलं, आतून फिरवलं. बोट लाल झालं.

"काल इथे मारलं तेव्हा तू हसलीस," ते म्हणाले.

"हो."

"मानसुद्धा हलवलीस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, काका. तो ट्रक आला ना, तेव्हा मला कळलं, तुम्हाला ऐकू येत नाही ते. मला वाटलं, कशाला उगाच…"

"अगं, मी तुझं तोंड बघून गोल काढत होतो!"

काका ट्रेलरच्या दांड्यावर बसले.

"आपल्या घरात तुझं एकटीचं तोंड असं आहे की आत जे असेल ते बाहेर दिसतं. म्हणून तुला बोलावलं. खरवडायला मला माणूस कशाला लागतो?" ते म्हणाले. "तुझी काकू करायची हे. कित्येक वर्षं केलं तिने. एक दिवस मी टोला मारला आणि काहीच आलं नाही. ना बद्द, ना खणखणीत. घरी येऊन तिला सांगितलं, उद्यापासून काम बंद. ती म्हणाली, बंद कशाला? उद्या मी डबा घेऊन येते, समोर बसते. बद्द आलं की नाक मुरडते."

काकूचं ते नाक. साऱ्या गावाने त्यावरून तिला नावं ठेवली, त्यात मी पुढे होते, आणि तिने एकदाही कोणाला सांगितलं नाही.

"एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं," काका म्हणाले. "बोलत नव्हती माझ्याशी. डबा आणून आपटला. पण समोर बसली, आणि बद्द आलं तिथे नाक मुरडलं. तिचं नाक कधी खोटं बोललं नाही. माझ्यावर दया येऊनसुद्धा नाही."

मी मान खाली घातली. मला वाटलं ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"लोकांना वाटतं मी हळूहळू बहिरा होत गेलो," ते म्हणाले. "मी बहिरा झालो तो गेल्या हिवाळ्यात, गं. एका दिवसात." आणि मग त्यांनी ते लाल झालेले हात तोंडावर घेतले आणि रडायला लागले. मोठ्याने, लहान मूल रडतं तसे. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळतच नव्हतं. पलीकडच्या शेडमधली माणसं काम थांबवून बघायला लागली. ह्याच माणसाला मी दगड म्हटलं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं. गंज गालांना लागला होता. उठून त्यांनी शेडकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "वेल्डरला बोलवा रे! म्हणावं कानसेन बहिरा झालाय, काम नव्याने करायचंय!" शेडमधले दोघंतिघं हसले. त्यांना वाटलं, म्हातारा शुद्धीवर आला, थट्टा करतोय. काकांनी त्यांचे हसरे चेहरे पाहिले आणि पाठ फिरवली.

"ताईला फोन लाव," ते मला म्हणाले. "उद्याचं जाणं रद्द म्हणून सांग. का विचारलं तर खरं ते सांग. लपवू नकोस."

मी सांगितलं. ताईने एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?" मी हो म्हटलं. फोनमधून तिच्या हुंदक्याचा आवाज आला आणि माझाही बांध फुटला. काका शेजारीच उभे होते. त्यांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

"चल," ते म्हणाले. "पहिल्यापासून घेऊ. काल आणखी कुठे कुठे हसलीस ते आता तुलाही आठवायचं नाही."

मी उजेडात उभी राहिले. त्यांनी पुढच्या टोकाला टोला मारला, माझ्याकडे पाहिलं आणि खडूने गोल काढला. पुढचा टोला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गोल. तिसऱ्या टोल्यालाही गोल. आवाज तर तिन्ही वेळा खणखणीत आले होते. मला सांगायचं होतं, पण रडू थांबत नव्हतं.

काकांनी खडू खाली ठेवला.

"आधी डोळे पूस, बाळ," ते म्हणाले. "तू अशी रडत राहिलीस तर मला सगळाच ट्रेलर सडलेला दिसतोय."

मी बाहीने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे नीट बघत उभी राहिले. काकांनी हातोडी उचलली.